पिशवी कोणासाठी

॥ श्री ॥

समा, बडोदे
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. आक्का हिस,
धाकट्या विश्रामचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. दिवाळीचं पत्र दिवाळीत पोचायला हवं, ते देवदिवाळी उलटल्यावर लिहायला बसलो आहे. तुला नीट ऐकू येत असतं तर फोन केला असता. पण मागच्या खेपेला मी तुझ्या गुडघ्यांचं विचारलं आणि तू मला भाताची पेज कशी करायची ते सांगत बसलीस. तेव्हा पत्रच बरं.

उशीर झाला तो पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यामुळे. दर वर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. बँकेतल्या यंत्रावर अंगठा ठेवला तर ते काही घेईना. नंदेसरीच्या कारखान्यात उभी नोकरी ॲसिडची पिंपं भरण्यात गेली, अंगठ्यावर रेघ म्हणून राहिली नाही. बँकेतला मुलगा म्हणाला, काका, उद्या या. उद्या गेलो तर परवा या. मला रात्री झोप लागेना. यंत्रानं मला मेलेला ठरवलं तर पुढे कोणाकडे जायचं, काही कळेना.

शेवटी सूनबाईनं, वैष्णवीनं, मार्ग काढला. आमच्या समाच्या सार्वजनिक वाचनालयात दर गुरुवारी म्हाताऱ्या माणसांची कामं करून देतात. तिथे मोबाइलमध्ये नुसता चेहरा दाखवला आणि दाखला झाला. वर रक्तदाबही मोजला. तो थोडा जास्त निघाला, पण तो बँकेमुळे असणार.

तिथल्या मोठ्या बाई म्हणजे मोहनाबेन. आहेत गुजराती, पण मराठी पुस्तकं त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, काका, वाचायला काय आवडतं. आक्का, मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. पेपर वाचतो, तुझी पत्रं वाचतो. घाबरून गेलो. मग सुचेल ते सांगितलं, की अक्षर मोठं हवं, पानं थोडी हवीत, एका बैठकीत संपलं पाहिजे आणि शेवटी कोणी मरता कामा नये. निरुपमा गेल्यापासून मला पुस्तकातलंही मरण सोसत नाही. बाईंनी सगळं मन लावून ऐकून घेतलं. म्हणाल्या, चालशे, काका, काढून ठेवते.

त्यांची पद्धत अशी की त्या स्वतः पुस्तकं निवडतात आणि कापडी पिशवीत घालून, वर घराचं नाव लिहून, कपाटात टांगून ठेवतात. कार्ड एका घराला एकच. आमचं कार्ड वैष्णवीनं पूर्वीच काढलेलं. पुढच्या गुरुवारी ‘दळवी’ लिहिलेली पिशवी मी घरी आणली. मला वाटलं होतं संतांची चरित्रं असतील, आणि थोडी धास्ती होती, कारण त्यात शेवटी सगळे जातातच. पिशवी उघडली तर काय, एका पुस्तकात कोंबडी आणि तिची पिलं, दुसऱ्यात शाळेत निघालेला हत्ती, तिसऱ्यात चांदोबाला ताप आलेला. पानापानावर रंगीत चित्रं.

मी विचारात पडलो. आमच्या घरात लहान मूल नाही. मग ध्यानात आलं, कार्ड एकच, वैष्णवीही कामावरून येताना अधूनमधून तिथे जाते. ही तिनं सांगितलेली पिशवी चुकून माझ्या हाती आली. मी ती तिच्या टेबलावर ठेवून दिली. संध्याकाळी बघतो तर पिशवी माझ्या खाटेवर. मी परत तिच्या टेबलावर ठेवली. सकाळी परत माझ्या उशाशी. ती काही बोलत नाही, नजरही देत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. लग्नाला आठ वर्षं झाली. सासू हयात नाही, सासऱ्याला अशी गोष्ट तोंडानं कशी सांगणार? म्हणून पुस्तकं माझ्या उशाशी ठेवून ती मला कळवते आहे. आक्का, आपल्या अमोघच्या घरी पाळणा हलणार असं मला वाटतं. वाटतं म्हणजे खात्री आहे. खात्री म्हणजे रात्री असते, सकाळी जाते.

मी विचारू का? कोणाला विचारू? अमोघ पाळीवरून येतो तो जेवून झोपतो. निरुपमा असती तर तिनं स्वयंपाकघरातच ओळखलं असतं. मला यातलं काही कळत नाही. तू सांगशील तसं करीन. मात्र कोणाला बोलू नकोस, अजून कच्चं आहे.

तुझा,
विश्राम


मिरज
दि. २७ नोव्हेंबर २०२४

चि. विश्राम यास,
आक्काचे अ. आ.

तुझं पत्र मिळालं. एवढी मोठी बातमी आणि ती तू तिसऱ्या पानावर सांगतोस. आधी दोन पानं अंगठा आणि बँक. तू पहिल्यापासून असाच, वडील पडले तेव्हाही घरी येऊन आधी सायकल पंक्चर झाल्याचं सांगितलंस.

मी कोणाला सांगितलेलं नाही. फक्त शेजारच्या मंदाला सांगितलं, आणि तेही पत्र वाचताना माझा चेहरा बघून तिनंच विचारलं म्हणून. मंदा म्हणते, आजकालच्या मुली तीन महिने होईपर्यंत बोलत नाहीत. तेव्हा तू विचारायला जाऊ नकोस. पोर लाजेल, किंवा चिडेल. आपल्या घरात सासऱ्यांनी अशा गोष्टी कधी विचारल्या आहेत? आपले वडील तर तुझ्या बारशापर्यंत घरात काय झालं ते कळल्यासारखं दाखवत नव्हते.

विचारायचं नाही, पण हात मात्र चालव. तिला पाण्याची बादली उचलू द्यायची नाही. पपई घरात आणायची नाही. स्कूटरवरून धडधडत कामाला जाते ना, ते बंद कर, कसं ते तू बघ. बाहेरून आली की आधी पाणी द्यायचं आणि बसायला सांगायचं. पेरू, डाळिंब असं काहीतरी रोज आणत जा. तुझ्या हातून एवढं होईल. निरुपमाच्या वेळी तू नंदेसरीला जास्तीच्या पाळ्या करत होतास, आता तरी कर.

निरुपमाची एक मऊ सुती साडी मी आठवण म्हणून आणली होती, ती निळ्या बुट्ट्यांची. तिचं दुपटं शिवायला घेतलं आहे. डोळे साथ देत नाहीत, पण टाके मी हातानंच घालणार. झालं की पाठवते.

माझे गुडघे आहेत तसेच आहेत. पुढचं पत्र महिन्यानं नको. माया आहे म्हणून रागावते, एवढं समजून घे.

तुझी,
आक्का


समा, बडोदे
दि. ८ डिसेंबर २०२४

ती. आक्का हिस,
विश्रामचा शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस त्याप्रमाणे सगळं चालू केलं आहे. सकाळी पाणी आलं की वैष्णवी उठायच्या आत मी बादल्या भरून न्हाणीत नेऊन ठेवतो. पहिल्या दिवशी कमर धरली, पण तिला सांगितलं नाही. अमोघनं हौसेनं पपई आणली होती, ती मी सोसायटीच्या चौकीदाराला देऊन टाकली. अमोघनं विचारलं तर म्हटलं, सडली होती. चौकीदारानं दुसऱ्या दिवशी त्याच्याच देखत पपई फार गोड निघाली म्हणून सांगितलं. अमोघ माझ्याकडे बघत राहिला. मी पेपर वाचू लागलो.

स्कूटरचं अवघड होतं. शेवटी म्हटलं, पुढे रस्ता खणला आहे, तू रिक्षानं जात जा. रस्ता खरंच खणलेला आहे, पण दुसरीकडे. ती डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर आणि चष्म्याचे नंबर कॉम्प्युटरवर चढवते, दिवसभर मान खाली. संध्याकाळी आली की मी पाणी देतो, बसायला सांगतो. पहिल्या दिवशी तिला वाटलं माझ्या हातून काहीतरी फुटलं असणार.

पण आक्का, एक सांगतो. घर बदललं आहे. आठ वर्षांत आम्ही दोघं जेवलात का आणि येते हं एवढंच बोलत होतो. आता ती पाणी पिऊन खरंच दहा मिनिटं बसते. दवाखान्यातल्या गमती सांगते. एक आजोबा भिंतीवरची अक्षरं पाठ करून आले होते, आणि डॉक्टरांनी नेमका तक्ता बदललेला होता, ते सांगताना तिला हसू आवरेना. मलाही आवरेना. परवा तिनं माझ्यासाठी लोकरीचे मोजे आणले. आणि काल म्हणाली, वडील गेल्यापासून नीट पोचलीस का असं कोणी विचारत नव्हतं, आता तुम्ही विचारता.  मी मनात म्हटलं, आता दोघांची काळजी आहे.

गुरुवारी वाचनालयात पिशवी बदलून आणली. या खेपेलाही तसलीच पुस्तकं, एक सशाचं आणि एक नुसत्या रंगांचं. मोहनाबेननी विचारलं, आधीची आवडली का. मी म्हटलं, घरात सगळ्यांना फार आवडली. त्यांना बरं वाटलं. त्यांना सगळं माहीत असणार, पण बाई पोटात ठेवणाऱ्या दिसतात.

तिथून मी तसाच बस धरून लहरीपुऱ्याच्या बाजारात गेलो आणि पाळण्यांच्या दुकानापुढे उभा राहिलो. घेतला नाही, फक्त बघितला. दुकानदारानं विचारलं, नातू का नात. मी म्हटलं, जे असेल ते, आणि घाईनं निघालो.

तरी मला नीट कळत नाही. ती डॉक्टरकडे गेल्याचं दिसत नाही. आंबट मागत नाही. उलट काल पाणीपुरी खाऊन आली. हे चालतं का? मंदाला विचारून कळव. आणि दुपट्याची घाई करू नकोस, आधी घरातून कोणी तोंड उघडू दे.

तुझा,
विश्राम


नवसारी
दि. २० डिसेंबर २०२४

ती. आत्याबाई यांस,
वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. मी नवसारीला मम्मीकडे आले आहे. तुमचं पार्सल मिळालं.

रविवारी बडोद्याच्या घरी आलं. सगळे घरी होतो. वर माझं नाव होतं म्हणून मीच उघडलं. आत दुपटं, टोपडं आणि तुमच्या अक्षरात चिठ्ठी, ‘येणाऱ्यासाठी’. मला आधी वाटलं दुसऱ्या कोणाचं आहे. मी विचारलं, “बाबा, हे कोणासाठी?” बाबा अमोघकडे बघायला लागले, अमोघ माझ्याकडे. मग बाबांनी आत जाऊन वाचनालयाची पिशवी आणली, टेबलावर पुस्तकं मांडली आणि म्हणाले की तूच तर कळवलंस.

आत्या, तुम्हाला खरं सांगते. आम्ही सहा वर्षं दवाखाने केले. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ठरवलं, बस झालं. आता नाही. आई तेव्हा आजारी होत्या, मग गेल्या, बाबांना सांगायचं राहून गेलं. अमोघ म्हणायचा, सांगू सवडीनं. ती सवड त्या रविवारी आली.

ती पुस्तकं बाबांचीच आहेत. मोहनाबेननी मला आधीच सांगितलं होतं, काकांना सोपं आणि मोठ्या अक्षराचं हवं होतं, मराठीत तसं बालविभागातच मिळालं, त्यांना वाईट वाटणार नाही ना. म्हणून तर ते पिशवी लाजून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि मी गुपचूप परत त्यांच्या खाटेवर ठेवायची. वाटायचं, कोणी बघत नसताना वाचतील. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर ते तोंडाशी आलेलं मी परत गिळलं. ते आधीच पुस्तकं परत पिशवीत भरायला लागले होते. तुम्हीही त्यांना सांगू नका.

दुपट्याचा मला राग नाही. परत पाठवत नाही, आईंच्या साडीचं आहे. मला लागलं ते दुसरं. दोन आठवडे बाबा माझ्यासाठी पाणी भरत होते, पेरू आणत होते, मी दवाखान्यात पोचले की फोन करत होते. मला वाटलं, आई गेल्या, घरात आम्ही तिघंच उरलो, तर बाबांना माझ्याविषयी काही वाटायला लागलं. मी मम्मीला फोनवर सांगितलं होतं, माझे सासरे आता माझे वडीलच झालेत. आणि ते सगळं कोणा दुसऱ्यासाठी होतं, जो नाहीच. मी फक्त मध्ये होते.

हे मी कोणाला विचारू? बाबांना विचारलं तर ते म्हणतील, नाही गं, तुझ्यासाठीच. ते मला ऐकायचं नाही. म्हणून आले. अमोघ रोज फोन करतो. परत कधी जायचं मी ठरवलेलं नाही.

तुमच्या गुडघ्यांना जपा. मला वेगळी समजू नका, एवढंच मागते.

तुमची,
वैष्णवी


मिरज
दि. २८ डिसेंबर २०२४

चि. विश्राम यास,
आक्काचे अ. आ.

वैष्णवीचं पत्र आलं. वाचून मी दोन दिवस सुईला हात लावलेला नाही. घाई करू नकोस म्हणून तू लिहिलेलं पत्र पार्सल टाकल्यावर माझ्या हाती पडलं, पण त्याचा आधार घेत नाही. चूक तुझी निम्मी, माझी निम्मी, आणि मंदाचीही थोडी.

त्या पोरीनं मला एक गोष्ट तुला सांगू नका म्हणून बजावलं आहे, ती मी सांगत नाही. तू फक्त वाचनालयात जा आणि त्या बाईंना विचार, ही पुस्तकं कोणासाठी काढलीत. आणि उत्तर ऐकून भांडू नकोस.

दुसरं तुलाच सांगायचं आहे, माझ्या आवाक्यातलं नाही. ती विचारते आहे की बादल्या कोणासाठी भरल्या. तिला गोड उत्तर नको आहे. मी बहीण आहे म्हणून सांगते, तुला गोड उत्तर देता येतही नाही, तेव्हा आहे तसं लिही. फोन करू नकोस. फोनवर तू नुसता खोकतोस.

तुझी,
आक्का


समा, बडोदे
दि. ५ जानेवारी २०२५

चि. सौ. वैष्णवी हिस,
बाबांचे अ. उ. आ.

हे पत्र लिहायला उशीर झाला. आक्काचं पत्र येऊन चार दिवस झाले. तीन कागद फाडले. फोनवर मला जमणार नाही, तू हं बाबा म्हणशील आणि मी जेवलीस का म्हणेन आणि तिथेच संपेल.

मी वाचनालयात गेलो होतो. जाताना रागानं गेलो, मनाशी वाक्यं जुळवली होती. मोहनाबेनना विचारलं, आमच्या घरी मूल नसताना तुम्ही ही पुस्तकं का देता, त्यापायी माझं घर मोडायला आलं. त्या उठून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, काका, तुम्हीच सांगितलं होतं, अक्षर मोठं, पानं थोडी, एका बैठकीत संपणारं, आणि शेवटी कोणी जायला नको. मराठीत अशी पुस्तकं शोधायला त्यांनी सगळी कपाटं पालथी घातली होती. मोठ्यांच्या पुस्तकांत शेवटी कोणीतरी जातंच, असं त्या म्हणाल्या. आणि हे सगळं त्यांनी तुला तेव्हाच सांगितलं होतं, हेही म्हणाल्या.

मी पेपर वाचायच्या खोलीत जाऊन बसलो. चष्मा घरी राहिला होता, तरी पेपर उघडा धरून बसलो. सगळे उठून गेले तेव्हा घरी आलो. तुला सगळं माहीत होतं, आणि त्या दिवशी टेबलापाशी तू एका शब्दानं सगळं माझ्यावर उलटवू शकली असतीस. उलटवलं नाहीस. हे मला नंतर समजलं. मला सगळंच नंतर समजतं.

आता तू विचारतेस ते. मी खोटं लिहीत नाही. पहिल्या दिवशी बादली बाळासाठीच भरली. दुसऱ्या दिवशीही. पेरू आणले तेही त्याच्यासाठी. आक्कानं लिहिलं होतं तसं करत होतो, जसा कारखान्यात साहेब सांगेल तसा करायचो. मूल येणार नाही हे कळल्यावर मला वाईट वाटलं नाही, असंही लिहीत नाही. दोन दिवस फार वाटलं. मग ध्यानात आलं की मला दोन दिवस वाटलं, तुला आठ वर्षं वाटत होतं, आणि मी शेजारच्या खोलीत होतो. सहा वर्षं तुम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी बाहेर जात होता, मला वाटायचं सिनेमाला जाता. एकदा तर मी तुला सिनेमा कसा होता म्हणून विचारलं, आणि तू बरा होता म्हणालीस.

पुढचं कसं लिहू ते कळत नाही. मी बाळावर लक्ष ठेवायचं म्हणून तुझ्यावर लक्ष ठेवायला लागलो. तर मला दिसलं की तू सकाळचा चहा उभ्यानं घेतेस, खिडकीपाशी, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून. रिक्षात बसायच्या आधी तू एकदा मागे वळून घराकडे बघतेस. खोटं बोलायची वेळ आली की आधी पदर किंवा ओढणी नीट करतेस. मोड आलेली मटकी तुला आवडत नाही, आमच्यासाठी करतेस. हे आठ वर्षांत मला माहीत नव्हतं. निरुपमाला माहीत असेल, ती बोलली असेल, मी ऐकलं नसेल. मला हे चुकून कळलं, दुसऱ्या कोणाला शोधत असताना कळलं. पण आता कळलं आहे. बाळ नाही म्हणून हे परत न कळल्यासारखं कसं करायचं? मला ते येत नाही. कितव्या दिवशी बादली बाळाची राहिली नाही आणि तुझी झाली, तेही सांगता येत नाही. मी त्या दिवशी काही वेगळं केलं नव्हतं.

एवढंच आहे. यातून तुला काय समजायचं ते तू समज. मला यातलं अर्धंच समजलं आहे.

अमोघ बरा आहे. जेवण आम्ही दोघं मिळून करतो, भात मी लावतो, तो रोज नव्यानं बिघडतो. काल ताट घेताना त्यानं चुकून तीन ताटं मांडली. मग एक परत ठेवलं. मी बघितलं नाही असं दाखवलं, त्यालाही बरं वाटलं.

पिशवी मी परत केली नाही. उलट कोंबडीचं पुस्तक निघताना पुन्हा मागून आणलं आणि आता नीट बसून वाचलं, माझं आहे म्हणून. एक पिलू हरवतं. कोंबडी सगळ्यांना विचारत हिंडते आणि शेवटी ते घरातच, सुपाखाली सापडतं. मला आवडलं. मोठ्यानं वाचलं तर फार वेळ लागत नाही. गुरुवारी मोहनाबेन विचारणार, काका, पुढच्या पिशवीत काय घालू. मला काय सांगावं ते कळत नाही. मागच्या खेपेला मी एकट्यानं सांगितलं तर काय झालं ते तू पाहिलंसच. तेव्हा तूच सांग. मोठ्यांचं असलं तरी चालेल. शेवटी कोणी गेलं तरी बघीन, अडेल तिथे तुला विचारीन.

तुझ्या मम्मीला नमस्कार सांग. तू कधी येणार असं मी विचारत नाही, ते तुझं तू ठरव. पण पुस्तकाचं मात्र लवकर लिही, गुरुवार जवळ आला आहे. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे. पोस्टमन आमच्या गल्लीत दुपारी येतो, मी तेव्हा ओट्यावरच असतो.

तुझे,
बाबा